कुजबुजत झालेलं भांडण

बुरुल-एजेचा आवाज ट्रॉलीबससाठीच घडवला होता. एजे म्हणजे ताई. पण तिला नुसतं बुरुल म्हणायची हिंमत अख्ख्या बिश्केकमध्ये कुणाची नव्हती. जन्मभर तिनं शहरात ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या विजेच्या तारांना धरून धावणारी बस, चालवली. माइक बिघडलेला असला तरी मागच्या दारात लटकलेल्या माणसाला पुढचा थांबा कोणता ते स्वच्छ ऐकू जायचं. निवृत्त झाल्यावर बस सुटली, आवाज तिच्याकडेच राहिला. आणि असा आवाज घेऊन ती पक्षी बघणाऱ्यांच्या टोळीत शिरली.

आमची टोळी म्हणजे पाच-सहा माणसं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, आठवडाभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघते, म्हणून रविवारी जरा लांब बघावंसं वाटतं. आमचे पुढारी गेर्मान इग्नात्येविच, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एवढं लांबलचक नाव थंडीत घेता येत नाही, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. मास्तरांचा नियम एकच होता. गप्प बसा.

त्या रविवारी आम्ही ओकच्या झाडांच्या जुन्या बागेत उभे होतो. लाल फळांच्या एका झाडावर उत्तरेकडचे शेंडीवाले पक्षी उतरले होते, गुलाबी-तपकिरी अंगाचे, पंखांच्या टोकाला लाखेचा थेंब लावल्यासारखे. सगळ्यांच्या दुर्बिणी वर. इतक्यात शेजारच्या बाकावरून आवाज आला,

"कोण चढलंय रे वर?"

सगळा थवा भर्रकन उडाला. मास्तरांनी हळूहळू दुर्बीण खाली केली. बाकावर एक धिप्पाड बाई लोकरी शाल गुंडाळून बसली होती. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं आणि ती रोज ह्या बाकापर्यंत चालत यायची.

"बाई," मास्तर म्हणाले, "वर कोणी माणूस नव्हता. पक्षी होते."

"मग एवढी सगळी माणसं टक लावून बघताय, मला वाटलं कोणीतरी जीव द्यायला चढलंय," ती म्हणाली. "कसले पक्षी? दाखवा की."

"आता काय दाखवू?"

"येतील परत. माझ्या बसमधून उतरलेले लोक दुसऱ्या दिवशी यायचेच."

आणि ते आले. एजेनं माझ्या दुर्बिणीतून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "अगं बाई," ती पुटपुटली, "नव्या नवरीसारखे नटलेत."

तेव्हापासून ती दर रविवारी यायची. पक्ष्यांची खरी नावं तिनं कधीच पाठ केली नाहीत. पाण्याकाठी मान आखडून उभा राहणारा बगळा तिचा तिकीट-चेकर. साळुंक्या म्हणजे बाजारच्या बायका, जागा नसली तरी पिशव्यांसकट आत घुसणाऱ्या. मास्तर दर वेळी खरं नाव सांगायचे, ती दर वेळी "असेल, असेल" म्हणायची. पण तिच्या थर्मासमधला दुधाचा चहा आणि पिशवीतले कणकेचे तळलेले बोरसोक आल्यापासून टोळीतली हजेरी वाढली होती, हे मास्तरांनाही नाकारता येत नव्हतं.

फेब्रुवारी उतरायला लागला तशी शेतांकडे जायची वेळ झाली. दर वर्षी येणारा गाडीवाला ह्या वेळी आलाच नाही. एजे म्हणाली, "माझ्या नवऱ्याची जुनी गाडी अंगणात पडून आहे. तो गेला, ती अजून चालते." तर आम्ही त्या गाडीत बसलो. गाडी सुरू व्हायच्या आधी एजेनं आरशातून सगळ्यांवर नजर फिरवली आणि गरजली, "दार बंद होतंय! आत सरका!" आम्ही पाचच जण होतो, तरी सरकलो.

मास्तरांना कुणीतरी सांगितलं होतं की कोक-कामिश गावाच्या मागच्या शेतांत माळढोक उतरलेत. आमच्याकडचा माळढोक मेंढराएवढा असतो, आणि मास्तरांनी तो आयुष्यात एकदाच, तोही लांबून पाहिला होता. त्यांनी गावाचं नाव घेतलं आणि एजे एकदम गप्प झाली. ती गप्प झाली हे सगळ्यांच्याच लक्षात आलं, कारण तसं कधी होत नसे.

"तो रस्ता खराब आहे," ती शेवटी म्हणाली आणि आम्हाला भलतीकडेच, मासेमारीच्या तळ्यावर घेऊन गेली. तळ्यावर बदकं होती. मास्तर बदकांकडे अशा चेहऱ्यानं बघत होते, जणू त्यांनीच त्यांचा माळढोक लपवला होता.

बांधावर चहा ओतता ओतता एजे मला म्हणाली, "पोरी, कोक-कामिश माझं माहेर आहे."

"मग?"

"मग काही नाही. तिथं माझी धाकटी बहीण राहते. कानीम. मी तिच्याशी बोलत नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वडिलांचा एक करडा घोडा होता, लांब पावलांचा, बसणाऱ्याच्या हातातला चहा सांडणार नाही असा चालायचा. एजे त्याच्या पाठीवर वाढली नव्हती, तो बराच नंतर आला. पण सुट्टीत गावी गेली की आधी घोड्याच्या गळ्यात पडायची, मग माणसांच्या. वडील गेले. चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला एजे शहरातून मेंढी घेऊन पोचली, तर परसात मोठी कढई चढलेली. गावजेवणासाठी घोडा कापला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती चहाचा घोटही न घेता आल्या पावली परत फिरली. त्याला आता कित्येक वर्षं झाली होती.

"तिनं कधी फोन नाही केला?"

"केला की. मी उचलला नाही. मग तिनं बंद केला. मग मी वाट बघत बसले, तर आलाच नाही." एजेनं थर्मासचं झाकण जरा जास्तच घट्ट लावलं. "हट्टी आहे ती."

पुढच्या रविवारी मास्तर गाडीत बसले आणि म्हणाले, "बुरुल-एजे, मी म्हातारा झालो. पुढच्या हिवाळ्यात माझे पाय चालतील की नाही माहीत नाही. कोक-कामिश."

अशा माणसाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. मात्र गावातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं न नेता तिनं गाडी कालव्यालगतच्या मातीच्या वाटेला घातली. दक्षिणेला डोंगर अजून पांढरेशुभ्र होते, पण खाली ऊन लागत होतं आणि दोन दिवसांपासून जमीन सुटायला लागली होती. वरून कोरडी दिसणारी वाट आतून शिऱ्यासारखी झालेली. लसूणघासाच्या शेताशी पोचलो आणि गाडी मागच्या चाकांवर बसली. एजेनं पाय दाबला. गाडी आणखी बसली.

"गावातून रस्ता होता," मास्तर म्हणाले.

"लांबून पडतो."

"हा जवळून पडला?"

मास्तरांनी पँट मोज्यांत खोचली आणि मदत शोधायला गावाकडे निघाले. एजे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, गावात ट्रॅक्टर बरेच असतील. ती म्हणाली, "असतील. पण बापाच्या जुन्या ट्रॅक्टरचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आणि तो येतोय बघ."

खरंच आला. निळा ट्रॅक्टर, मागच्या पत्र्यावर पाय अवघडून उभे मास्तर, आणि स्टिअरिंगवर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, रबरी बूट घातलेली बाई. अंगानं अगदी एजेसारखी, फक्त जरा बुटकी. तिनं ट्रॅक्टर थांबवला, गाडीकडे पाहिलं, मग गाडीच्या काचेतून आत पाहिलं.

दोघी खाली उतरल्या. कानीमनं तोंड उघडलं. एजेनंही उघडलं. आणि तेवढ्यात मास्तरांनी दोन्ही हात वर केले, चेहऱ्यावर असा भाव की आम्हाला वाटलं त्यांना झटका आला.

"बोलू नका!" ते घशातल्या घशात म्हणाले. "ट्रॅक्टर बंद करा. देवासाठी. तिकडे बघा."

शेताच्या पलीकडच्या टोकाला माळढोक होते. एक नाही, अख्खा कळप. करड्या मानांचे, तांबूस पाठीचे, सावकाश पावलं टाकत लसूणघास खुडत होते. इतके मोठे, की मी आधी त्यांना वासरंच समजले होते. कानीमनं हात घालून ट्रॅक्टर बंद केला. शेतात एकदम शांतता पसरली.

त्या शांततेत दोघी बहिणी एकमेकींसमोर उभ्या. इतक्या वर्षांचं भांडण ओठांपर्यंत आलेलं, आणि आवाज काढायची सोय नाही.

"हे शेत आहे," कानीम कुजबुजली. "वाट नाही. आंधळ्यालाही कळतं."

"वाट होती. तुझ्या नवऱ्यानं नांगरली असेल," एजे कुजबुजली.

"काय?"

एजेला कुजबुजायची सवयच नव्हती, ऐकू येईना. कानीम एक पाऊल पुढे आली.

"म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं नांगरली असेल! तीस वर्षं गाडी चालवलीय मी."

"वरती तारा बांधून. इथं तारा नसतात, एजे. इथं रस्ता बघावा लागतो."

"बापाला ट्रॅक्टर चालवायला मी—"

"हळू!" मास्तर दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले.

दोघी आणखी जवळ सरकल्या. आता त्यांची कपाळं जवळजवळ टेकत होती. आम्ही सगळे माळढोकांकडे बघतोय असं दाखवत होतो. खरं सांगायचं तर मी अर्धेच माळढोक पाहिले.

"मला विचारलं नाहीस," एजे म्हणाली. "एका शब्दानं विचारलं नाहीस."

"कधी विचारायचं? तू मेंढी घेऊन दुपारी उगवलीस. बापाला तीन वर्षं मी उचललं, मी भरवलं, मी धुतलं. तू सुट्टीला यायचीस आणि घोड्याला साखर खाऊ घालायचीस." कानीमनं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "चाळीसाव्याला सगळं गाव दारात. घोडा म्हातारा, दात गेलेले, उभा राहत नव्हता. लोकांना काय वाढायचं होतं मी? तुझी ट्रॉलीबस कापायची होती?"

एजेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डोळे भरलेले. मग तिचा चेहरा विचित्र झाला, गाल फुगले, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ते रडणं नव्हतं. दाबून दाबून ठेवलेलं हसू तिच्या त्या ट्रॉलीबसच्या आवाजात एकदम बाहेर पडलं आणि कालव्यापलीकडे घुमलं.

माळढोक उडाले. जड अंगं उचलून, चार पावलं धावून, मग पंख उघडले आणि सगळा आभाळाचा तुकडा पांढरा झाला. ते आमच्या डोक्यावरून गेले, इतके खालून, की पंखांची फडफड ऐकू आली. मास्तर मागे वळून बघत राहिले, टोपी पडली तरी त्यांना कळलं नाही. आम्हाला वाटलं आता ते चिडणार. पण ते फक्त म्हणाले, "खालून. मी त्यांना खालून पाहिलं."

तोपर्यंत कानीमही हसायला लागली होती आणि दोघी एकमेकींना धरून चिखलात उभ्या होत्या. हसण्याचं रडणं नेमकं कधी झालं ते सांगता येणार नाही. मग कानीमनं दोर काढला.

"तिथं नको, हूकला बांध!"

"मला शिकवू नकोस, दर आठवड्याला कुणाला तरी ओढून काढते मी."

गाडी निघाली. आता मोठ्यानं बोलायला काहीच हरकत नव्हती, आणि त्यांनी ती संधी वाया घालवली नाही.

घरी कानीमचा नवरा सोरोनबाय अंगणात लाकडं फोडत होता. मेहुणीला बघून तो इतका गोंधळला, की कुऱ्हाड टाकून आत गेला आणि सुरी घेऊन बाहेर आला.

"आता कोणाला कापायला निघालास?" एजेनं विचारलं.

"कोंबडी," तो बिचारा म्हणाला.

"विचारून काप."

तो खरंच थांबला. कानीमनं कपाळावर हात मारला. "अहो, ती थट्टा करतेय. जा!"

आम्ही गरम चुलीजवळ बसून साय घातलेला चहा प्यायलो, ताजी रोटी खाल्ली, आणि मास्तरांनी तेच उड्डाण आम्हा सगळ्यांना तीनदा सांगितलं, जणू आम्ही तिथं नव्हतोच. एजे मात्र मध्येच उठून परसात गेली. मी खिडकीतून पाहिलं. रिकाम्या तबेल्याच्या दाराला टेकून ती जरा वेळ उभी राहिली. मग कानीम बाहेर आली, तिच्या खांद्यावर कोट टाकला आणि शेजारी उभी राहिली.

त्या दिवशी एजे गावातच राहिली. आम्ही बाकीचे एका शेजाऱ्याच्या गाडीत बटाट्यांच्या पोत्यांवर बसून शहरात परतलो.

पुढच्या रविवारी मी तिला विचारलं, "मग, घोड्याचं माफ केलंत?"

"घोड्याचं? छे!" ती म्हणाली. "त्यावर आम्ही रोज फोनवर भांडतो. काल तर माझा रस्सा करपला."

आता कानीमही आमच्याबरोबर येते. ती एजेच्या शेजारी पुढच्या सीटवर बसते आणि प्रत्येक वळणावर गिअर कसा टाकायचा ते सांगते. मास्तर त्या दोघींना वेगवेगळं बसवायचा विचार करताहेत, पण गाडी चालवायला दुसरं कोणी नाही, आणि बोरसोक आता दोन घरांतून येतात.