गिअरबॉक्स बदलण्याआधी

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी चेन्नईत, तांबरमच्या पुढचा रेल्वेपूल चढत होते आणि मागे वाळूनं भरलेली लॉरी होती. कुणीतरी गाडीला पाठीमागून धरून ओढावं तसा हिसका बसला. इंजिन घरघरायला लागलं, मी ॲक्सिलरेटर दाबत होते तरी गाडीला जोरच येईना. समोर पिवळा दिवा लागला. आरशात लॉरीचं तोंड मोठं होत गेलं. लॉरीवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. कशीबशी रांगत मी पूल उतरले, कडेला थांबले, इंजिन बंद केलं. पुन्हा चालू केलं तर दिवा नाही, काही नाही. गाडी सुरळीत निघाली.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं अधू झालेला. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून आम्ही जुनी का होईना, ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. मी ओरगडमला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. कंपनीच्या बसच्या पायऱ्या मला चढवत नसत. मैलापूरचं घर ते कारखाना हे सगळं अंतर त्या गाडीच्या भरवशावर होतं. नवरा बँकेत, तेव्हा त्याची बदली तिरुचीला झालेली. शनिवारी यायचा, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. घरी मी आणि सासूबाई. मी साताऱ्याची, त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही.

त्या आठवड्यात तसाच हिसका आणखी दोनदा बसला. शोरूमसारख्या चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी नेली. त्यांनी स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, बिघाडाचा कोड आला, तो वाचला आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय. बदलावा लागेल."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मग बदलून टाक. विचार कसला करतेस?"

मलाही तेच हवं होतं. कारखान्यात एखादा भाग नापास झाला की कारण सापडेपर्यंत मी कुणाला पुढे जाऊ देत नसे. पण घाबरलेल्या माणसाला कारण नको असतं, सगळं नवं हवं असतं. रात्री डोळे मिटले की आरशातली ती लॉरी दिसायची. सकाळी मी गाडीत बसायची आणि किल्ली न फिरवता तशीच राहायची. एकदा अक्कांनी फाटकातून पाहिलं.

"भ्यालीस काय ग?" त्या म्हणाल्या.

"नाही अक्का. जरा उशीर झालाय."

"उशीर झाला तर बैसून कां राहिलीस?"

मी किल्ली फिरवली.

मी ऑर्डर दिली, पण गिअरबॉक्स यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं तांबरमचं एक गॅरेज सुचवलं. मालक हवाई दलातून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, कपाळाला विभूती. तमिळ आणि इंग्रजी मिसळून भरभर बोलायचे. मला तोवर तमिळ बऱ्यापैकी कळत होतं. त्यांनीही यंत्र जोडलं. कोड तोच आला.

"मॅडम, हा कोड गिअरबॉक्स खराब आहे असं म्हणत नाही," ते म्हणाले. "गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर म्हणतोय, गाडी किती वेगानं चाललीय हे मला कळेनासं झालं. वेगच कळत नाही म्हटल्यावर तो घाबरून एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. आता त्याला का कळत नाही? सेन्सर मेला असेल. वायर तुटली असेल. कॉम्प्युटरच बिघडला असेल. नाहीतर खरंच आत काही गेलं असेल."

"तुम्ही सगळंच बदला ना," मी म्हटलं. "मला पुन्हा तसं व्हायला नको."

"आणि वायर तुटलेली असली तर? नवा गिअरबॉक्स घालून तुम्ही बिनघोर निघाल, आणि पुलावर पुन्हा तेच."

सगळं ठीक झालंय असं समजून मी लॉऱ्यांमधून चाललेय आणि मग तो हिसका, हे चित्र आधीच्या सगळ्या भीतीपेक्षा वाईट होतं.

गाडी दोन दिवस त्यांच्याकडे राहिली. त्यांनी सेन्सर मोजून पाहिला, तो चांगला निघाला. तेलही स्वच्छ. तांबरमभर गाडी फिरवली, एकदाही हिसका बसला नाही. मग त्यांचा फोन आला.

"मॅडम, माझ्या हातात ती काही करत नाही. तुमच्या हातात करते. तुम्ही चालवा, मी यंत्र घेऊन शेजारी बसतो. झालं पाहिजे. झाल्याशिवाय कळणार नाही."

म्हणजे जे टाळण्यासाठी मी जीव मुठीत धरून होते, ते मुद्दाम घडवायला जायचं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन ओकले.

अक्कांनी ते ऐकलं असावं. त्यांनी चपला घातल्या. "मीहि येते. एकली जाऊं नको." रिक्षात त्या माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा हात गार होता.

मी गॅरेजमधून गाडी बाहेर काढली. मालक शेजारी, मांडीवर यंत्र. अक्का मागे. सपाट रस्त्यावर काहीच झालं नाही. मालकांनी वरचं हँडल घट्ट धरलेलं पाहिलं तेव्हा लक्षात आलं, हे गृहस्थही घाबरलेत.

"आतापर्यंत कुठे कुठे झालं?" त्यांनी विचारलं. "नीट आठवा."

"पुलावर. दोनदा पुलावर." मग आठवलं. "आणि एकदा कारखान्यात, पार्किंगच्या रॅम्पवर."

बोलता बोलता मलाच कळलं. "चढावर. दरवेळी चढावर, मी पाय दाबल्यावर."

चेन्नईत चढ असतात कुठे? पुलांवर, नाहीतर रॅम्पवर. त्यांनी गाडी फिरवली होती ती सगळी सपाटीवर.

"मग पुलावर चला," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

पूल दिसायला लागला. मागे एक बस होती. मी डावीकडची बाजू धरली, धोक्याचे दिवे लावले. बस हॉर्न मारत पुढे निघून गेली.

"आता दाबा."

"नाही दाबवत."

"दाब ग," मागून अक्का म्हणाल्या. "मी आहे."

मी दाबला. गाडीनं चढ घेतला, निम्म्यावर आली, आणि हिसका बसला. मी किंचाळले. त्याच क्षणी मालक माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "झीरो! झीरो! वेग शून्य दाखवतोय! ब्रेक मारू नका, जाऊ द्या, जाऊ द्या!" अक्का तमिळमध्ये मुरुगनचा धावा करत होत्या. गाडी घरघरत, रांगत माथ्यावर आली आणि पलीकडे उतरली. मी कडेला थांबवली.

मग ते खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. हँडब्रेक लावून मी गिअरमध्ये थोडा ॲक्सिलरेटर दाबायचा, ते बाजूला उभे राहून बघायचे. इंजिन मागे कललं की सेन्सरकडे जाणारी वायर ताणली जात होती. तिला धरून ठेवणारी क्लिप कधीच्यातरी दुरुस्तीत तुटली होती आणि कुणी परत लावली नव्हती. वरचं आवरण शाबूत, आत तांब्याची तार तुटलेली. सपाटीवर दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली असायची. चढावर इंजिन ओढलं गेलं की सुटायची.

त्यांनी वायर सोडवून दाखवली. करंगळीपेक्षा बारीक.

गॅरेजमध्ये त्यांनी तो तुकडा बदलला, नवी क्लिप लावली, कोड पुसला. मग आम्ही पुन्हा पुलावर गेलो, दोनदा. यंत्रावरचा आकडा एकदाही शून्यावर गेला नाही. त्यांनी वर्कशॉपला स्वतः फोन करून गिअरबॉक्सची ऑर्डर रद्द करायला सांगितली. तिकडच्या माणसाशी त्यांचं बरंच वाजलं.

त्यांच्या बायकोनं वरून कॉफी पाठवली. सगळं संपलं होतं, आणि तेव्हा मला कापरं भरलं. टंबलर हातात धरवेना. कॉफी साडीवर सांडली.

"परवाइल्ल, असूं दे," अक्का म्हणाल्या आणि टंबलर माझ्या हातून काढून घेतला. "बैस थोडी."

मालक लांब उभे राहून पुसलेलीच अवजारं परत पुसत होते. म्हणाले, "हवं तर मी घरापर्यंत गाडी आणून देतो, मॅडम."

"नको," मी म्हटलं. "मला जरा वेळ द्या."

ऊन उतरलं, लोकलमधून उतरलेली गर्दी रस्त्यावर यायला लागली. मग मी उठून स्टिअरिंगवर बसले. अक्काही उठल्या, गाडीचं मागचं दार सोडून पुढचं उघडलं आणि मांडीवर पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसल्या.