विनाशिकेचा शेवट

गेल्या वर्षी पेणला सासऱ्यांच्या गणपती कारखान्यात मी त्यांना एका जपानी विनाशिकेची, म्हणजे लढाऊ बोटीची, दुसऱ्या महायुद्धातली हकिकत सांगत होतो. दुसरं काम तिथं मला कोणी देत नाही. सासरे मूर्तींचे डोळे आखत होते. शाडूच्या ओल्या वासातून माझ्या गोष्टीतली बोट बेटामागून बेटं मागे टाकत, उपाशी सैनिकांना तांदूळ पोचवत संथ तरंगत होती.

"मंग खलाशी घरी पोचले का नाय?" सासऱ्यांनी विचारलं.

टॉर्पेडो लागून बोट सगळ्यांसकट बुडाली होती. पण डोळ्यांची आखणी चालू असताना हात हलेल अशी बातमी तिथं कोणी सांगत नाही.

"पोचले," मी म्हणालो.

त्यांनी बुबुळ पूर्ण केलं, कुंचला खाली ठेवला. "जावईबापू, आता खरं सांगा."

मी सांगितलं. बराच वेळ त्यांनी पुढची मूर्ती जवळ ओढली नाही.