पोचवायला आलेल्यांची जागा

विमानतळावरच्या पहिल्या वर्गाच्या लाउंजमध्ये मी आयुष्यात एकदाच बसलो. पण तेवढ्यावर मत द्यायला हरकत नसावी; लोक लग्नाबद्दल तेवढ्याच अनुभवावर जन्मभर बोलतात. आदर्श लाउंज कसं असावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस पेणमध्ये अजून मिळालेला नाही, म्हणून लिहून काढतो.

त्याआधी आमच्याकडची रीत सांगायला हवी. कासूच्या पलीकडे, भाताच्या आणि वालाच्या शेतांमध्ये आमचं गाव. गावातून कुणी लांब निघालं की प्रत्येक घरातलं निदान एक माणूस पोचवायला जातं. पेणच्या एसटी स्टँडवर नाहीतर रोह्याच्या फलाटावर जाणाऱ्याभोवती ही गर्दी. गाडी उशिरा आली तर फारच बरं, कारण खरं बोलणं तिथंच होतं. घरातून निघताना पिशव्या मोजण्यात वेळ जातो, तेव्हा कोण काय बोलणार? रोह्याच्या कंपनीत मी नोकरीला होतो, शिफ्ट संपवून फलाटावर गाडीची वाट बघत बसायचो. तिथं मी सोयरिकी जमलेल्या पाहिल्या आहेत आणि सख्ख्या भावांनी एकमेकांची माफी मागितलेलीही पाहिली आहे. गाडी दिसेनाशी होईपर्यंत कुणी पाठ फिरवायची नाही आणि तोवर तोंडात घासही घालायचा नाही, हे ठरलेलं. ज्या घराशी बोलणं बंद असेल, त्या घरानंही यायचंच. नाही आलं, तर जाणारा परत यायला नको म्हणून आले नाहीत, असा अर्थ गाव काढतं, आणि गावाला अर्थ काढायला वेळ भरपूर.

आमचं बोलणं बंद होतं ते काकीच्या घराशी. आई थोरली जाऊ, काकी धाकटी. दोघी एकाच चुलीवर राबल्या, एकमेकींची बाळंतपणं केली. पुढे भावांच्या वाटण्या झाल्या आणि दोन्ही शेतांच्या मधोमध एक सामायिक बांध उरला. आमच्याकडे भातखाचराच्या बांधावर तुरीचं बी टोकतात. एका वर्षी त्या बांधावर तूर चांगली आली, आणि ‘ती मीच टोकली होती’ असं दोघीही म्हणाल्या. सगळी मिळून दोन सुपं भरली नसती. पण आई बोलली, काकी बोलली, मग दोघी बोलायच्याच थांबल्या. बांधावरची तूर तेव्हापासून काकीच काढत होती आणि आई ते ओटीवरून बघत होती. समोरासमोर दारं असल्यामुळे काही सांगायचंच झालं तर आई कोंबडीला ऐकवायची आणि काकी कुत्र्याला. दोन्ही जनावरं शहाणी, कधी मध्ये पडली नाहीत.

बाबा गेल्यानंतर आईचे गुडघे पार गेले, आणि आखातात राहणाऱ्या माझ्या बहिणीनं आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. तोंडानं सगळे ‘वर्षभर राहून येईल’ म्हणत होते. मेहुण्यांच्या कंपनीच्या कृपेनं तिकिटं पहिल्या वर्गाची आली. आईला नेऊन सोडायचं म्हणून एक माझंही. बहिणीचा रोज फोन यायचा, ‘दादा, लवकर जा हं. लाउंजमध्ये आईला आराम मिळेल.’

आईला आराम नको होता. निघायच्या आधी ती घरोघर जाऊन आली. काकीच्या पायरीपाशी थांबली आणि परत फिरली.

“बोल ना एकदा,” मी म्हणालो.

“मी मोठी हाय. आधी तिनं बोलावं,” आई म्हणाली. मग चुलीकडे बघत म्हणाली, “पोचवायला येईल ना ती? तिथं बोलेल.”

सगळी भिस्त त्यावर होती. काकीचं तोंड बघितल्याशिवाय गेले तर तिकडे जीव लागायचा नाही, असं आईनं मला स्पष्ट सांगितलं होतं.

काकी आली. दोन टेम्पो निघाले. आई पहिल्यात, काकी दुसऱ्यात. काकीच्या मांडीवर एक पुरचुंडी होती, ती तिनं सगळ्या वाटेत कुणाला धरायला दिली नाही. विमानतळ म्हणजे मोठं रोहा स्टेशन, अशी आईची समजूत. गाडी यायला अवकाश असणार, सगळे फलाटावर टेकणार, आणि मग होईल बोलणं. प्रत्यक्षात दाराशी टेम्पो थांबला न थांबला तोच एक शिट्टीवाला धावत आला. “गाडी हटवा, थांबायचं नाही.” आईला चाकांच्या खुर्चीत बसवलं, मी तिकिटं दाखवली, आणि मागं वळून बघतो तर काकीचा एकच पाय टेम्पोतून खाली आलेला. तो तिनं तसाच वर घेतला. टेम्पो गेले.

आणि आम्ही लाउंजमध्ये पोचलो. जागा देखणी होती, खोटं का बोला. गालिच्यात पाऊल रुतत होतं. प्रत्येकाला स्वतंत्र कोच, आणि दोन कोचांमध्ये एवढं अंतर की शेजाऱ्याला तंबाखू मागायची तर उठून चालत जावं लागेल. कुणी कुणाला ‘कुठं निघालात’ म्हणून विचारत नव्हतं. सगळ्यांची तोंडं, नुकतीच वाईट बातमी कळल्यासारखी. पहिला वर्ग म्हणजे काय हे मला तिथं समजलं: माणूस जेवढा महाग, तेवढा त्याच्याजवळ कुणी बसत नाही.

तिथं काम करणारी मुलगी गोड होती, मराठी बोलणारी. आईनं तिला विचारलं, “पोचवायला आलेली माणसं कुठं बसतात गो?”

“आजी, इथे फक्त पॅसेंजर.”

“मंग गाडी गेली ते त्यांना कसं कळायचं?”

मुलीनं हसून आईच्या पुढ्यात एका इवल्या वाटीत पिवळं सूप आणून ठेवलं. त्याचं नाव लांबलचक होतं. आईनं वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

“तूर हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “फोन लाव.”

मी काकीच्या मुलाला फोन लावला. टेम्पो कुठं उभे केलेत विचारलं. विमानं डोक्यावरून जातात त्या भिंतीच्या बाजूच्या रस्त्याला, म्हणाला. कुणी जेवलेलं नव्हतं, गाडी गेली नव्हती ना. आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

“तिला दे,” ती म्हणाली. “कुणाला काय? तिलाच.”

कोण आधी बोलणार, हा इतक्या वर्षांचा पेच पहिल्या वर्गाच्या गालिच्यावर येऊन बसला होता. अखेर थोरली बोलली.

“जेवलीस का गो?”

“तुझं इमान गेल्याबिगर जेवू व्हय?” काकीचा आवाज मला कोचावर ऐकू आला.

मला वाटलं, आता दोघी रडतील, माफी मागतील. आईनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “तूर मीच टोकली होती.”

“नाय! तू तवा माहेरी होतीस!”

“माहेरी तू होतीस, मी लावणीच्या चिखलात होते!”

जिथं थांबलं होतं तिथून भांडण सुरू झालं. त्यात बांध आला, बैल आले, माझ्या बारशाला न दिलेली वाटी आली. आईच्या तोंडावर कित्येक दिवसांत मी न पाहिलेली तरतरी होती. बोलता बोलता तिनं ते गार सूप संपवलं, पाव खाल्ला, माझ्या ताटलीतला शिराही खाल्ला. समोरच्या कोटवाल्यानं पेपर खाली केला. ती मुलगी लगबगीनं आली, “आजी, थोडं हळू...”

“हळू बोलले तर तिला ऐकू जायचं नाय. ती रस्त्यावर हाय,” आई म्हणाली.

विमानात बसायची वेळ झाली. “थांब म्हणावं, हिचं संपू दे,” असं आईनं मला सांगितलं. पलीकडून काकी म्हणाली, “अक्का, पोचल्यावर फोन कर. माझं अजून सांगून झालं नाय.” अक्का ही हाक आईनं इतक्या वर्षांनी ऐकली. फोन माझ्या हातात देऊन ती रडली. मीही रडलो. कोच लांब लांब असल्याचा तेवढा एक फायदा झाला.

तेव्हा, माझं मत असं. आदर्श लाउंजमध्ये कोच कमी आणि बाकडी जास्त असावीत. आत येणाऱ्याबरोबर निदान एक टेम्पो माणसं आत घ्यावीत, बोलणं बंद असलेली आधी. विमान उशिरा सुटावं. शिट्टीवाल्याला चहा देऊन कोपऱ्यात बसवावं.

पुढचं मला परत आल्यावर काकीच्या मुलानं सांगितलं. काकी रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती आणि डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला हात करत होती. “आई, हे नसेल,” म्हटलं तर म्हणायची, “आणि असलं तर?” शेवटी त्यानंच एका विमानाकडे बोट दाखवून हेच ते म्हणून सांगितलं. ते दिसेनासं झाल्यावर ती टेम्पोत बसली आणि जेवली. पुरचुंडी मात्र तशीच मांडीवर. तीत बांधावरची तूर होती, आईला न्यायला आणलेली. शिट्टीवाल्यानं ती द्यायला वेळ दिला नव्हता.

ती तूर काकीनं शिजवली नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तीच बांधावर टोकली, आता ती हातभर वाढली आहे. आईशी फोनवर दर आठवड्याला भांडण चालूच असतं. परवा मी बांधावरून जाताना मुद्दाम विचारलं, “काकी, यंदा तूर कुणी टोकली?”

काकी वाकून गवत उपटत होती. वर न बघता म्हणाली, “अक्कानं. दुसरं कोण?”