फ्रीजर चालू झाला नाही

अप्पा सकाळी दवाखान्यात वारले तेव्हा धाकटी बहीण सुरतेला होती. तिची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला पोचणार होती. फोनवर ती एकच सांगत होती, "दादा, मी येईस्तोवर थांबवा. मला पाणी पाजायचंय त्यास्नी." व्हिडिओ कॉल करू म्हटलं तर म्हणाली, "फोनवर न्हाय बघायचं मला."

उन्हाळा होता. थांबायचं तर गल्लीतल्या मंडळाचा फ्रीजर हाच उपाय. मयत ठेवायची, काचेच्या झाकणाची ती जुनी पेटी. कुणाचं माणूस लांबून यायचं असलं की मंडळ ती फुकट देतं. शुक्रवार पेठेत अनेक घरांनी तिचा आधार घेतलेला आहे. आमच्या पाळीला तिचा दिवाच लागला नाही.

"तू शिकलायस की, बघ जरा," चुलते म्हणाले. यंत्रमागावर उभं राहून अप्पांनी मला बी.एस्सी. केलं होतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. अप्पांना चटईवर ठेवलं होतं आणि मी पेटीमागे उकिडवा बसलो.

पेटीचा प्लग मोठा, आमच्या घरच्या बोर्डात बसणारा नव्हता. समोरच्या गिरणीवाल्याने दळण बंद करून आपला बोर्ड दिला होता आणि तिथून रस्त्यावर वायर टाकली होती. टेस्टर लावला तर बोर्डात वीज होती. फ्यूज बदलला. मग प्लगजवळ वायर आतून तुटलेली सापडली. ती कापून जोडली आणि दिवा लागला. दारातल्या बायका "लागला, लागला" म्हणाल्या. पेटी घुरघुरली, टक् आवाज झाला आणि पुन्हा गप्प. थोडं थांबून लावली, पुन्हा तसंच.

शेजारची म्हातारी मंडळाच्या पोरांवर उखडली. "गणपतीला नवा डीजे पायजे, आन् मेलेल्या मानसाला भंगार व्हय रं?"

"आजी, वर्गणी मागायला आलो की दार लावता की तुमी," एक जण म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते. पेटी खांद्यावरून आणणाऱ्यांत तोही होता.

एका पोराने फ्रीज दुरुस्त करणारा ओळखीचा मिस्त्री बोलावला. हातातलं काम टाकून तो आला. त्याने रिले बदलला, कॉम्प्रेसर हाताने ठोकून पाहिला, पुन्हा लावला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "कॉम्प्रेसर जाम झालाय, सर. हितं न्हाय व्हायचा." पोरांनी दुसऱ्या पेठांत फोन केले, तिथल्या पेट्या बाहेर गेलेल्या. दवाखान्यात परत न्यायचं नाव काढताच आई म्हणाली, "तितनं कसंबसं घरी आणलंय. आता परत न्हाय."

मग बर्फाच्या लाद्या आणल्या. पाणी उंबऱ्याबाहेर वाहू लागलं. मी आणखी लाद्या आणायला निघालो तेव्हा आईने अप्पांच्या तोंडावरचं फडकं उचललं, बराच वेळ बघितलं आणि पुन्हा घातलं.

"उचला," ती म्हणाली.

"आई, ती निघालीय गं."

"मला म्हाईत हाय. तिनं असा बाप बघायला नको."

दिवस मावळायच्या आत आम्ही त्यांना घेऊन गेलो. पाणी मी पाजलं.

सकाळी बहीण रिक्षातून उतरली. दारात गर्दी नाही, हे बघूनच तिला कळलं. ती रडली नाही. भिंतीला टेकलेल्या पेटीपाशी गेली आणि म्हणाली, "काय झालं हुतं हिला?"

मी प्लगचं सांगितलं, गिरणीतून वीज घेतल्याचं सांगितलं.

"मग?"

फ्यूज बदलला. वायर तुटली होती, ती जोडली. दिवा लागला.

"लागला? मग?"

कॉम्प्रेसर, रिले, मिस्त्री, दुसऱ्या पेठा, बर्फ. ती एकेक गोष्ट पुरती ऐकून घेत होती, मान हलवत होती. मीही काही गाळत नव्हतो. गिरणीवाला आपल्या दारात येऊन उभा राहिला होता. आईने फडकं उचलल्याचं तेवढं मला सांगता येईना.

"मग, दादा?" ती म्हणाली.