भरावातला धोंडा

“धोंडा लागला की नाही? मी डोळ्यांनी बघितलं, दादा. घण टणकन उडाला!”

“लागला. पण तो तिथला नाही. कुणीतरी आणून टाकलेला.”

“धोंडा तो धोंडा! त्याचे आईबाप कशाला विचारायचे?”

“विचारावे लागतात बाई. तेच तर माझं काम.”

चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात बहिणीने कपाळाला हात लावला. माती तपासण्यात त्याचे केस पिकले होते. भाचरं त्याला ‘खड्डेमामा’ म्हणत. ओली माती तळव्यावर वळून तिची वात कधी तुटते ते बघायचं, जमिनीत नळी ठोकून ती किती सहज उतरते ते बघायचं, आणि बहुतेकदा ‘नको’ म्हणायचं. घर उभं राहिल्यावर त्याला जेवायला बोलवायची आठवण कुणालाच राहत नसे. बायको होती तेव्हा म्हणायची, “जगाच्या पायाखालचं सगळं ह्यांना ठाऊक, आणि स्वतःच्या पायाखाली भाड्याची फरशी!”

आज बहिणीच्याच प्लॉटवर नळी ठोकली. वरच्यावरच अडली. “कातळ! आवरा,” म्हणत माणसं खूश झाली. असं लवकर अडलं की सगळेच आवरतात. ह्याने मात्र नळी ठोकायचं तीन पायांचं तिकाटणं जरा बाजूला सरकवायला लावलं. तिथे नळी आपल्याच वजनाने लोण्यात सुरी जावी तशी गेली. वर आले विटांचे तुकडे, चिंध्या, काळा चिखल. जुना खड्डा कुणीतरी बुजवला होता.

“पण आपण खाली सलग स्लॅबच टाकणार ना? एवढा जाड?”

“एका कोपऱ्याखाली धोंडा, बाकी सगळा चिखल. बाकीचं खचेल, तो कोपरा खचणार नाही. मग स्लॅब त्या धोंड्यावरच मोडणार. भराव उपसायला हवा, नाहीतर खोलवर खांब न्यायला हवेत.”

“म्हणजे वर्ष गेलं.” तिचा आवाज खाली आला. “इंजिनिअर तुझ्या शब्दावर थांबलाय. तू ‘हो’ म्हण, उद्या काम सुरू होतं. मागच्या वेळी दवाखान्यातून ह्यांना खुर्चीत बसवून चार मजले वर आणलं. तेव्हापासून ह्यांनी रस्ता बघितलेला नाही. एक अंगण मागतायत, दादा. ताजमहाल नाही.”

तो नखांतली माती कोरत राहिला. लाखाची गोष्ट होती.

“दादा,” खिडकीजवळच्या खाटेवरून भाऊजी बोलले. त्यांना झोप लागली असेल असं दोघांना वाटलं होतं. धाप आवरत ते हसले. “भिंतींना तडे जायला किती दिवस लागतील?”

“दोन पावसाळे. फार तर तीन.”

“मग झालं की! मला तेवढं पुरून उरेल. तुम्ही ‘हो’ म्हणा.”

“अहो, काय बोलताय!” बहीण ओरडली, पण ओरडून झाल्यावर तिने भावाकडेच बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. आशा होती, आणि तीच त्याला बघवेना.

“आणि तुम्ही गेल्यावर,” तो पुटपुटला, “ही पोरांना घेऊन त्याच घरात...”

“ते मी बघून घेईन!” ती म्हणाली. “तू फक्त सांग. हो की नाही?”

‘हो’ न म्हणताच त्याने पिशवी खांद्याला लावली, चपलांत पाय सरकवले आणि जिना उतरू लागला.