बाबांचा पाय आणि डिझेलचं प्रेशर

सावनेरचं गिऱ्हाईक चार वाजता ट्रक बघायला येणार होतं, आणि बाबांनी गाडी धुऊन-पुसून समोर नवी लिंबू-मिरचीही बांधली होती. विकायच्या गाडीला नवी लिंबू-मिरची! मला असा राग आला म्हणून सांगू.

झालं होतं असं. महिनाभर रोजचं एकच रडगाणं. बुटीबोरीहून माल भरून निघालं की आठ-दहा किलोमीटरवर, उड्डाणपुलाच्या चढावर, ट्रक दम टाकायचा. पाच मिनिटं बंद ठेवला की पुन्हा शहाण्यासारखा चालायचा. फिल्टर बदलून झाला. एक मिस्त्री म्हणाला पंप गेला, दुसरा म्हणाला इंजिन म्हातारं झालं. बाबांनी त्यातलं नेमकं 'म्हातारं' तेवढं उचललं आणि गाडी विकायला काढली.

"गाडी नाही वं, माहा पायच आता रेस धरत नाही."

तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस हे बोलतो! आणि मी, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेली त्यांची पोरगी, ऐकून घेऊ? हट्!

"चार वाजेपर्यंत गाडी माही," मी म्हटलं.

"काहून तरास करून घेऊन राहिली? गिराईक निघालं असन."

"निघू द्या ना! तुमी फक्त वर बसून रेस धरा."

फिल्टरपुढे डिझेलचं प्रेशर दाखवणारा गेज जोडला, बाबांनाही दिसावा म्हणून लांब नळीने खिडकीशी टांगला आणि इंजिन चालू केलं. काटा आधी जागेवर होता. मग हळूहळू खाली यायला लागला.

"पाय ढिला पडला असन," बाबा वरून म्हणाले.

इंजिनचा आवाज तसूभरही बदलला नव्हता, म्हणजे पाय होता तिथेच; पण त्यांना कोण सांगणार? मी इंजिन बंद करून टाकीकडून येणारा पाइप सोडवला, त्याच्या जागी नवी नळी लावून तिचं तोंड स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडलं. हातपंप मारून लाइनमधली हवा काढली.

"धरा आता!"

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काटा हलायचं नाव घेईना. अरे बाप्पा! मी नाचायचीच बाकी होते. पंप चांगला, इंजिन चांगलं, पायही चांगला! बिघाड टाकीकडेच होता. साडेतीन वाजले होते.

टाकीतला सक्शन पाइप वर ओढला, तर त्याच्या तोंडाला निळी चिंधी अडकून लोंबत होती. इंजिन चालू असलं की ती ओढली जाऊन तोंड बंद करायची, बंद केलं की सुटायची. इतकं सोपं! मी चिंधी पिळली, उलगडली आणि लगेच ओळखली.

ती माझ्या आयटीआयच्या गणवेशाची ओढणी होती. आमच्याकडचे ड्रायव्हर कचरा जाऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाला फडकं बांधून त्यातून डिझेल ओततात. बाबांचा जुना गमछा फेकून महिन्यापूर्वी मीच मोठ्या शहाणपणाने ही ओढणी दुहेरी करून बांधली होती, आणि ती सुटून आत पडली होती. क्षणभर वाटलं, खिशात कोंबावी. कोणाला कळणार होतं? पण मग बाबा पायालाच दोष देत बसले असते.

"बाबा, तुमचा पाय नाही. माही ओढणी हाये."

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"मले वाटलं, रस्त्यात उडून गेली. तू नाराज होशीन म्हणून सांगतलं नाही."

मला हसू आवरेना.

टाकी बंद करून पाइप पुन्हा जोडला, शेवटची खात्री करायला बाबांना पुन्हा रेस धरायला लावली, तोवर चार वाजले. गिऱ्हाईक बरोबर वेळेवर आलं आणि खाली उभं राहून गाडीचं विचारायला लागलं. बाबा उतरले नाहीत. एक डोळा गेजवर ठेवून वरूनच ओरडले, "आता बोलता येत नाही, भाऊ. पोरीनं रेस धरायले बसवलं हाये."