सुरुचीबाईंनी खोडलेलं बावखल

हं, तर काल कुठं थांबलो होतो? लाल पेनापाशी. सुरुचीबाईंनी सत्तावीस वह्या तपासल्या आणि सत्तावीसच्या सत्तावीस वह्यांत त्या पेनानं एकच शब्द आडवा केला: बावखल. प्रश्न पुस्तकातला होता, 'तुमच्या गावात पाणी कोठून मिळते?' नंदाखाल गावच्या तिसरीतल्या पोरांनी सरळ लिहिलं, विहीर, नळ, बावखल. बाईंनी बावखल खोडून शेजारी सुबक अक्षरात लिहिलं, 'असा शब्द नाही. तलाव लिही.'

बाईंचा तरी काय दोष म्हणा! जन्म गेला नालासोपाऱ्यात, चौथ्या मजल्यावर. आईवडील कोकणातले, देवगडकडचे. बावखल म्हणजे वाडीच्या मधोमध जुन्या लोकांनी हातानं खणलेलं तळं, पावसाचं गोडं पाणी त्यात वर्षभर राहतं, त्यावर पूर्वी रहाट चालायचे आणि केळी, पानवेली, मोगरा सगळं त्याच पाण्यावर उभं असायचं, हे तिला सांगणार कोण? पण बावखलाला तलाव म्हणायचं म्हणजे घरच्या आजीला 'ज्येष्ठ नागरिक' अशी हाक मारायची. पोरांना ते पटेना.

सुरुची अजून पुरती बाई झालीच नव्हती. मॉलच्या काउंटरवर पाच वर्षं उभी राहिली, एक दिवस उठली आणि अध्यापक विद्यालयात नाव घातलं. शेवटच्या वर्षाला सरावासाठी ह्या शाळेत धाडलेली. गणिताचे पाठ झकास झाले, मराठीचेही झाले. परिसर अभ्यासात मात्र गाडी रुतली. पहिल्या खेपेला निरीक्षक आले तेव्हा तिनं दिशांचा पाठ घेतला. फळ्यावर रंगीत खडूंनी काय ती दिशांची चक्री काढली होती! पाठाचं टाचण तर घरी असं तोंडपाठ केलं होतं की आई तांदूळ निवडत विद्यार्थी व्हायची आणि मधेच बोलली तर ओरडा खायची, "आई, तू तिसरीत आहेस. हात वर कर आधी." एवढं करून निरीक्षकांनी शेरा काय लिहावा? 'पाठ उत्तम. मुले अनुपस्थित.' आणि पटावरची सत्तावीसही पोरं समोर बसलेली, नुसती ऐकत!

म्हणजे नापास. आता एकच पाठ हातात होता. तो गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर मुकाट काउंटरवर परत जाईन, असं तिनं स्वतःच्याच तोंडानं वडिलांना सांगून ठेवलं होतं. रमेशराव तसे मवाळ माणूस. ते एवढंच म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." ह्या चार शब्दांनी पोरीची झोप उडाली.

तर वह्या वाटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दारात आलोशियसबाबा उभे. पंचाहत्तरी ओलांडलेले, अंगात बाहीचा बनियन, हातात नातीची वही. नातीचं नाव विनी. बाबा घरी सामवेदी बोलीत बोलणारे, पण बाईंसाठी त्यांनी शाळेतली मराठी ठेवणीतून काढली होती.

"बाई, आमचं बावखल तुम्ही बुजवलंत."

"मी? नाही हो आजोबा, मी कशाला..."

"हे काय मग?" त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "बिल्डर आला तरी त्याला दहा डंपर लागतात. तुम्ही एका पेनात काम केलंत!"

सुरुचीचा चेहरा त्या पेनासारखाच झाला. मुख्याध्यापिका रेजिनाबाई आपल्या टेबलामागून नुसत्या हसत होत्या. त्या गावच्याच. त्या म्हणाल्या, "जा, बघून ये. एवीतेवी तुला डबा गोड लागत नाहीये."

गेली. चर्चच्या मागून, क्रुसावरून डावीकडं, केळीच्या बुंध्यांमधून वाट काढत. आणि एकदम समोर पाणी! हिरवं, गार, काठाला भेंडीचं, भाजीचं नव्हे, जुनं झाड वाकलेलं, वर एक खंड्या बसलेला. बाबांनी तिला सगळं दाखवलं. रहाट कुठं होता, बैल कुठून फिरायचा, पोरं सुके भोपळे कमरेला बांधून पोहायला कशी शिकायची. मग म्हणाले, "चार घरांचं हे. चौघांच्या चार वाड्या. आता सांगा, पाणी वाटायचं कसं? घड्याळ कोणाकडं होतं?"

"मग?"

"चर्चची घंटा! पहाटेची घंटा झाली की दुपारच्या घंटेपर्यंत पाणी एका घरचं. दुपारच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत दुसऱ्याचं. उद्या उरलेली दोन घरं. फादर देवासाठी घंटा वाजवायचा आणि आम्ही पाट फिरवायचो."

"आणि कोणी ऐकलं नाही तर?"

बाबा खुशीत आले. जणू ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "पलीकडचा व्हिन्सेंट आहे ना, त्याच्या बापानं एकदा घंटेच्या आधीच पाट फोडला. आमची पाळी चालू असताना! माझा बाप फावडं घेऊन धावला. सहा महिने दोन घरं बोलत नव्हती. चर्चमध्येसुद्धा एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता बोलतो आम्ही. पण पाटाचा विषय नको."

परतताना सुरुचीच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. पुस्तकात पुढचाच धडा होता, नियम आणि समूहजीवन. त्यात एक चित्र होतं, रांगेत उभी शहाणी मुलं. तिनं ते पुस्तक मिटलं. आल्या आल्या सत्तावीस वह्या परत गोळा केल्या, प्रत्येकीत लाल रेघेखाली लिहिलं, 'बावखल बरोबर. बाई चुकल्या.' पोरांनी ते वाक्य घरोघर दाखवलं. व्हिन्सेंटच्या घरी तर म्हणे ते दोनदा वाचून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी निरीक्षक सुमेध सर आले. शांत माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर फाइल. सुरुचीनं वर्ग अंगणात काढला. मधे एक निळं पिंप पाण्यानं भरलेलं, ते बावखल. फक्कीनं आखलेल्या चार वाड्या, प्रत्येकीत चार कुंड्या. चार गट म्हणजे चार घरं. एका घराला एक तांब्या. शिपायानं घंटा दिली की पाळी बदलायची.

आता इथं बाईंकडून व्हायचं ते झालं. गट पाडताना पटावरची नावं घेतली आणि बिनधास्त बसवलं: पहिल्या पाळीच्या घराची प्रमुख विनी, तिच्या लगेच मागच्या पाळीचा प्रमुख एरॉल. एरॉल म्हणजे व्हिन्सेंटचा नातू! रेजिनाबाईंनी तिकडं कपाळाला हात लावला. पण बोलणार कसं? निरीक्षक शेजारीच बसलेले.

पहिली घंटा झाली. विनीच्या घरानं कुंड्या भरायला घेतल्या. बरं चाललं होतं. तेवढ्यात एरॉलनं घंटा व्हायच्या आधीच तांब्या बुडवला.

"ए! आमची पाळी आहे!" विनी ओरडली. "तुमच्या घरचे नेहमी असंच करतात. तुझ्या पणजोबानं पण असाच पाट फोडला होता!"

"फोडला नव्हता! उंदरानं बीळ पाडलं होतं! माझे आजोबा सांगतात."

"उंदराच्या हातात फावडं होतं काय?"

झालं. साठ वर्षांपूर्वीचा पाट अंगणातून वाहायला लागला. दोन्ही घरं पिंपाभोवती. कोणी तांब्या ओढतोय, कोणी बाही. तिसऱ्या घरातला एक पोरगा संधी साधून दोन्ही हातांनी स्वतःच्या कुंडीत पाणी उडवतोय. सुमेध सरांचं पेन चालू झालं. सुरुचीला त्या पेनाचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला म्हणा ना. हाताची घडी, तोंडावर बोट, हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले. पाच वर्षं काउंटरवर रांग सरळ करायची सवय होती तिला. एक आवाज टाकला असता तर अंगण गप्प झालं असतं. पण ती पिंपाजवळ गेली, आत वाकून बघितलं आणि साध्या आवाजात विचारलं, "किती राहिलंय रे आता?"

पोरं वाकली. निम्मं पिंप रिकामं. अंगणात चिखल, आणि चौथ्या वाडीच्या कुंड्या ठणठणीत कोरड्या. तिथं बसलेली संपदा, विरारहून नवीन राहायला आलेली, एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती. तिनं आपला तांब्या उलटा करून दाखवला.

"टीचर, आमच्या घराला काय?"

विनी एरॉलकडं बघते, एरॉल कुंड्यांकडं. सुरुचीला त्या शांततेत काउंटरकडं जाणारी वाटच दिसत होती, पण ओठ घट्ट मिटून उभी राहिली बिचारी.

शेवटी संपदाच म्हणाली, "आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये टँकर यायचा ना, तेव्हा आज ज्यांना शेवटी मिळालं ते उद्या पहिले."

"मग तिला मिळालंच नाही, आता तिला पहिलं," एरॉल पुटपुटला. "आणि उद्या पण घंटेच्या आधी कोणी हात लावायचा नाही."

"कोणी म्हणजे तू," विनी म्हणाली. पण तांब्या तिनंच संपदाच्या हातात दिला. मग पोरांनी खडू मागून घेतला आणि ओट्याच्या फरशीवर नियम लिहिले. चार नियम झाले. तिसरा असा होता: 'जुनी भांडणं पाण्याजवळ आणू नयेत.' तो विनीनं सांगितला आणि एरॉलनं लिहिला. 'भांडणं' लिहिताना एक अनुस्वार जास्त पडला, तो कोणी पुसला नाही.

घंटा झाली, पोरं आत गेली. पाय धुवायला उरलेलं पाणीसुद्धा पाळीनं वापरलं, हे रेजिनाबाईंनी नंतर चारचौघांत अभिमानानं सांगितलं. सुरुची ओल्या चपलांनी सुमेध सरांसमोर जाऊन उभी राहिली. सरांनी टाचण उलटंसुलटं केलं.

"मॅडम, ह्यात 'शिक्षक नियम समजावून सांगेल' असं लिहिलंय. तुम्ही एकही नियम सांगितला नाहीत. मधे तर वर्ग हातातून पूर्ण गेला होता. निम्मं पाणी सांडलं. मग मला सांगा, ह्या पाठात तुम्ही नेमकं काय शिकवलंत?"

सुरुचीनं पदर नीट केला, एकदा अंगणातल्या चिखलाकडं बघितलं, आणि ती जे बोलली ते रेजिनाबाईंनी तिथल्या तिथं हजेरीपटाच्या मागं लिहून घेतलं म्हणून जसंच्या तसं आपल्याला मिळालं:

"सर, शिकवलं मी काहीच नाही, मी फक्त गप्प राहिले, आणि आयुष्यात एवढं अवघड काम मी पहिल्यांदाच केलं, तुम्ही नापास केलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच पाठ घेईन, फक्त पिंप आणखी मोठं आणीन, कारण पोरं भांडणार हे आता मला माहीत आहे."